सागरगोट्यांच्या खेळाची चाचणी घेण्यासाठी दहा हजारांत कोणते फोन घ्यावेत?

मिरजेचे मास्तर:

नमस्कार. मी मिरजेजवळच्या एका गावात शिक्षक आहे आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून गोडो ४ हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरून सागरगोट्यांचा खेळ मोबाइलसाठी तयार करत आहे. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे गोटे बोटाने वेचायचे आणि मग उडवलेला गोटा झेलायचा, एवढाच खेळ आहे. तो आमच्या शाळेतल्या मुलांना घरच्या फोनवर खेळता यावा, हा माझा मुख्य हेतू आहे.

माझा स्वतःचा फोन गेल्या वर्षी घेतलेला, ८ जीबी रॅमचा आणि १२० हर्ट्झ पडद्याचा आहे, आणि त्यावर खेळ अगदी हवा तसा चालतो. मात्र एका विद्यार्थ्याच्या आईच्या फोनवर तो टाकायला गेलो तेव्हा 'ॲप इन्स्टॉल झाले नाही' एवढाच संदेश आला. दुसऱ्या एका पालकांच्या जुन्या फोनवर खेळ सुरू झाला, पण उडवलेला गोटा हवेत तरंगत असल्यासारखा फार सावकाश खाली येत होता आणि दहा मिनिटांनी खेळ आपोआप बंद पडला.

चाचणीसाठी मी दहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यात एकच नवा फोन घ्यावा की दोन-तीन जुने घ्यावेत? लॅपटॉपवर फोनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरने काम भागेल का? आयफोनचा विचार आत्ताच करायला हवा का?

कोथरूडकर:

मास्तर, फोन घेण्याआधी तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या करून पाहू, कारण त्यांतली निदान एक तरी पैसे न खर्चता सुटण्यासारखी आहे.

आधी 'ॲप इन्स्टॉल झाले नाही' ही तक्रार. २ जीबी रॅमच्या अनेक स्वस्त फोनांत चिप ६४ बिटची असली तरी त्यावर अँड्रॉइड मात्र ३२ बिटचे बसवलेले असते. गोडो ४ मध्ये अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट करताना मुळात फक्त ६४ बिटच्या एआरएम (फोनांतल्या चिपांचा प्रकार) या चौकटीवर खूण केलेली असते. त्यामुळे असा फोन तुमची फाइल स्वीकारतच नाही. ३२ बिटच्या व्ही७ए प्रकाराचीही चौकट निवडा आणि त्या माउलींच्या फोनवर पुन्हा टाकून पाहा.

तरंगणाऱ्या गोट्याचे कारण बहुधा तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये आहे. गोट्याचा वेग आणि जागा तुम्ही दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नव्याने काढल्या जाणाऱ्या दर चित्राला, ठरावीक आकड्याने बदलत असाल, तर सेकंदाला १२० फ्रेम काढणाऱ्या पडद्यावर जे बरोबर दिसते ते ६० फ्रेमच्या पडद्यावर निम्म्या वेगाने घडते. प्रत्येक बदल डेल्टाने, म्हणजे आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणावा, किंवा गोट्याची सगळी हालचाल गोडोतल्या भौतिकीच्या हिशेबाच्या ठरावीक ठोक्यांवर सोपवावी. हे ठोके मुळात सेकंदाला ६० असतात. फोनच्या सेटिंगमध्ये पडदा ६० हर्ट्झवर आणला की हा दोष तुम्हाला तुमच्याच फोनवर आज संध्याकाळी पाहता येईल.

आपोआप बंद पडण्यामागे मला फोनच्या मेमरीचा, म्हणजे रॅमचा, प्रश्न दिसतो. पार्श्वभूमीचे चित्र ४०९६ बाय ४०९६ चे असेल, तर त्याची फाइल कितीही लहान असो, न दाबलेल्या स्वरूपात ते मेमरीत ६४ एमबी जागा घेते. तेच चित्र २०४८ चे करून ईटीसी२ पद्धतीने दाबले तर ४ एमबीवर येते. अशी चार-पाच चित्रे असतील तर २ जीबीच्या फोनवर केवढा फरक पडेल, याचा हिशेब करून पाहा. फोनच्या लहान पडद्यावर डोळ्यांना हा बदल क्वचितच जाणवतो.

आता खरेदीविषयी. एक नवा फोन घेऊ नका, दोन जुने घ्या, आणि ते निवडताना कंपनीपेक्षा आतल्या ग्राफिक्स चिपचे घराणे पाहा. आपल्याकडच्या स्वस्त फोनांत पॉवरव्हीआर, माली आणि ॲड्रिनो अशी तीन घराणी भेटतात, आणि एकावर निर्दोष दिसणारे चित्र दुसऱ्यावर काळे पडू शकते. पहिला फोन म्हणून मी रेडमी ९ए चा २ जीबी प्रकार सुचवतो. २०२० साली तो ६,७९९ रुपयांना आला होता, त्यात हेलिओ जी२५ हा प्रोसेसर आणि पॉवरव्हीआरची जीई८३२० ही ग्राफिक्स चिप आहे. इतका साधा फोन मुद्दाम घ्यायचा, कारण तुमचे खेळाडू ज्या फोनवर खेळणार आहेत त्यांतला सर्वांत अशक्त फोन तुमच्या टेबलावर असला पाहिजे. दुसरा फोन तुमच्या सध्याच्या फोनवर अवलंबून आहे. त्यात माली असेल तर स्नॅपड्रॅगन ६६५ प्रोसेसरचा रेडमी नोट ८ घ्या, म्हणजे ॲड्रिनो मिळेल; आधीच ॲड्रिनो असेल तर हेलिओ जी८५ असलेला कोणताही जुना फोन चालेल, त्यात माली आहे.

एम्युलेटर लॅपटॉपचीच ग्राफिक्स चिप वापरतो आणि फोनसारखा तापत नाही, म्हणून वेगाबद्दल तो जे दाखवतो त्यावर मुळीच विसंबू नये. वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांवर बटणे कुठे जातात हे पाहण्यासाठी मात्र तो उत्तम आहे. आयफोनसाठी एक्सकोड हे ॲपलचे सॉफ्टवेअर लागते, एक्सकोडसाठी मॅक लागतो आणि ॲप स्टोअरवर खेळ ठेवायचा तर वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. तुमच्या मुलांच्या घरी आयफोन नसतील, तर तो विचार आज सोडून द्या.

आणि हो, गोडोतला रेंडरर, म्हणजे चित्र पडद्यावर काढणारा भाग, 'कंपॅटिबिलिटी' ठेवा. तो ग्राफिक्स चिपशी बोलण्याच्या ओपनजीएल ईएस ३.० या जुन्या पद्धतीवर चालतो, आणि जुन्या फोनांत व्हल्कन या नव्या पद्धतीपेक्षा त्याचा भरवसा अधिक असतो. सागरगोट्यांसाठी त्याहून जास्त काही लागत नाही.

दुरुस्तीचे टेबल, कोल्हापूर:

वरचा सल्ला योग्य आहे. जुना फोन हातात घेताना काय पाहावे एवढे मी माझ्या दुकानातल्या अनुभवावरून सांगतो.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि स्वतःची डेटा केबल घेऊन जा. कितीतरी जुने फोन चार्ज होतात, पण चार्जिंग बोर्डावरच्या डेटाच्या पिना गेलेल्या असल्यामुळे संगणकाला जोडले जातच नाहीत, आणि घरी वापरणाऱ्याला हा दोष कधी कळलेलाही नसतो. तुम्हाला मात्र फोन याच कामासाठी हवा आहे. दुकानदारासमोर फोनच्या सेटिंगमधली डेव्हलपर ऑप्शन्स ही यादी उघडा, यूएसबी डिबगिंग (संगणकावरून ॲप तपासण्याची सोय) चालू करा आणि लॅपटॉपला फोन दिसतो का ते पाहा.

त्याच यादीत 'पॉइंटर लोकेशन' नावाची सोय असते. ती चालू करून दोन बोटे पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा, म्हणजे बोटांच्या रेषा उमटतील. रेषा मध्येच तुटली किंवा थरथरली तर पडद्याचा कॉम्बो (पडदा आणि स्पर्शाची काच यांचा जोड) बदललेला आणि हलक्या प्रतीचा आहे असे समजावे. वेचण्याच्या खेळात असा पडदा तुमची दिशाभूल करील. दोष काचेचा असेल आणि तुम्ही रात्रभर कोड तपासत बसाल.

बॅटरी फुगलेली असेल, मागचे झाकण किंचित उचललेले दिसत असेल, तर फोन घेऊच नका. थकलेल्या बॅटरीचा फोन भार पडताच एकाएकी बंद होतो किंवा मंदावतो, आणि मग दोष खेळाचा की बॅटरीचा हे सांगता येत नाही. म्हणून नव्या बॅटरीचे पैसे खर्चात आधीच धरावेत.

जुन्या मालकाचे गूगल खाते काढलेले आहे याची खात्री समोरच करून घ्या, नाहीतर रीसेट केल्यावर फोन तेच खाते मागत बसेल. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासा आणि पावतीवर लिहून घ्या. चोरीचा फोन शाळेच्या कामासाठी आणल्याचे नंतर कळले तर होणारा मनस्ताप फार मोठा असतो.

विदर्भकन्या:

माझे मत थोडे वेगळे आहे. दोन फोन एकदम घेऊ नयेत, एकच घ्यावा आणि उरलेले पैसे राखून ठेवावेत. प्ले स्टोअरचे खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ चाचणीदार सलग १४ दिवस जोडलेले ठेवावे लागतात. मास्तरांना हे बारा जण पालकांमधून सहज मिळतील, आणि त्यांचे बारा फोन हीच खरी प्रयोगशाळा ठरेल. प्रत्येकाकडून फोनचे नाव, रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहून घेतली, की दुसरा फोन कोणता घ्यायचा याचे उत्तर त्या यादीतच सापडेल.

त्याशिवाय गूगलच्या फायरबेस टेस्ट लॅब या दूरून चाचणी घेण्याच्या सेवेच्या मोफत योजनेत रोज पाच चाचण्या खऱ्या फोनांवर करता येतात. खेळ उघडतो का आणि कुठे कोसळतो एवढे त्यातून कळते. गोटा झेलताना हाताला कसे वाटते हे मात्र कोणताही दूरचा फोन सांगू शकणार नाही, म्हणून एक फोन जवळ हवाच.

कोथरूडकर:

हे मला पटले. आधी यादी आणि मग दुसरा फोन, हा क्रम माझ्या सांगण्यापेक्षा चांगला आहे. एक भर घालतो. चाचणी दोन मिनिटांत उरकू नका. फोनला नेहमीचे कव्हर घाला, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा, केबल काढा (चार्जिंगनेही फोन तापतो) आणि सलग अर्धा तास खेळा. तेवढ्या वेळात खेळाला स्वतःच दर सेकंदाचा फ्रेमदर एका फाइलमध्ये लिहू द्या. साठ फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात, आणि फोन तापला की चिप आपला वेग कमी करते. त्यामुळे पहिल्या मिनिटाचा आकडा नव्हे, पंचविसाव्या मिनिटाचा आकडा खरा मानावा.

मिरजेचे मास्तर:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोन आठवड्यांत जे घडले ते कळवतो.

३२ बिटची चौकट निवडल्यावर त्या माउलींच्या फोनवर खेळ पहिल्याच प्रयत्नात बसला. माझा पडदा ६० हर्ट्झवर आणताच माझ्याच फोनवर गोटा तरंगू लागला, आणि वेग डेल्टाने गुणल्यावर तो सगळीकडे सारखा पडतो. सांगलीत २ जीबीचा रेडमी ९ए २,६०० रुपयांना मिळाला. त्याआधी पाहिलेल्या दोन फोनांपैकी एक लॅपटॉपला दिसलाच नाही आणि दुसऱ्याच्या पडद्यावरची रेषा उजव्या कडेला तुटत होती, म्हणून ते तिथेच सोडून आलो. घेतलेल्या फोनला नवी बॅटरी बसवून घेतली.

पार्श्वभूमीची चित्रे लहान केल्यापासून खेळ बंद पडलेला नाही. अर्ध्या तासाच्या चाचणीत मात्र विसाव्या मिनिटानंतर फ्रेमदर ६० वरून ४० च्या आसपास येतो. गोट्यांच्या सावल्या बंद केल्या तर तो ५५ च्या खाली जात नाही, म्हणून सावलीऐवजी प्रत्येक गोट्याखाली एक गडद ठिपका काढतो आहे. पालकांची यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत नऊ नावे झाली असून त्यांतल्या पाच जणांच्या फोनांत माली आहे. उरलेली तीन नावे शनिवारच्या पालकसभेत मिळाली की दुसरा फोन ठरवतो.