दुकानाचं शटर उचकटू नये म्हणून आधी खर्च कशावर करावा?

सिंहगडरोडकर
मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान, १० बाय १८. पुढे एक शटर, मागे संडास, वर पोटमाळा. बजेट २५ हजार. कॅमेरेवाला आठ कॅमेऱ्यांचं पॅकेज गळ्यात मारतोय. घ्यावं का?

शटरमिस्त्री
आठ कॅमेरे कशाला? आधी शटर बघा. दोन्ही कुलुपं लावून मधोमध खालची पट्टी वर ओढा. दोन बोटं फट पडली की पहारीचं काम झालं. कुलुपाला कुणी हातही लावत नाही. टोकं घट्ट आणि मधला भाग मोकळा, म्हणून पट्टी तिथेच वाकते.

खालच्या पट्टीला आतून ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल मारा आणि मधोमध तिसरं कुलूप घ्या. त्याची कडी फरशीवर स्क्रूने बसवू नका, फरशीसकट उपटून येते. फरशी कापून सहा इंच खोल खड्डा घ्या, कडीला १२ मिमीची वाकवलेली सळई वेल्ड करून काँक्रीटमध्ये गाडा. आठवडाभर पाणी मारा, तोवर तिच्यावर भरवसा नको. अँगलमुळे दहा फुटांना साधारण ९ किलो वजन वाढतं, तेव्हा स्प्रिंगचा ताणही वाढवून घ्या. नाहीतर शटर वर थांबणारच नाही.

पेठेतला_वायरमन
संडासाची खिडकी काचपट्ट्यांची असेल तर पट्ट्या बाहेरून हाताने निघतात, आवाजसुद्धा होत नाही. भिंतीत रोवलेली जाळी लावा.

चार कॅमेरे पुरेत. मीटर बाहेरच्या पॅसेजमध्ये असेल तर मेन स्विच पाडला की सगळं आंधळं. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), राउटर आणि कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय तिन्ही यूपीएसवर घ्या. डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवला तर चोर तोही घेऊन जातो. पोटमाळ्यावर हवा खेळेल अशा कुलूपबंद पेटीत ठेवा. प्रत्येकी दोन एमबीपीएसने चार कॅमेरे चालले तर एक टीबीची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते.

सिंहगडरोडकर
आणि फोन करणारा सायरन?

पेठेतला_वायरमन
घ्या, पण सेन्सर शटरसाठीचा, जाड धातूचा. दारासाठीचा प्लास्टिकचा लावलात तर वाऱ्याने शटर हललं तरी बोंबलतो; चार रात्री झोपमोड झाली की मालकच बंद करून टाकतो. त्यातल्या सिमचं रिचार्ज संपलं की फोनही जात नाही. महिन्यातून एकदा मुद्दाम वाजवून बघा.

हिशेबनीस
विम्याचंही बघा. घरफोडीच्या पॉलिसीत साधारणपणे बळजबरीने शिरल्याची खूण लागते. शटर किल्लीने उघडलेलं दिसलं तर क्लेम अडतो. नोकर सोडून गेला की कुलपं बदला. रात्री गल्ला रिकामा करून उघडाच ठेवा, निदान तो तरी फुटणार नाही.