गोल्फच्या पटरच्या (बॉल होलात ढकलायच्या काठीच्या) तोंडाचं इन्सर्ट सुटलंय, काय करू?

माझ्या जुन्या ओडिसी कंपनीच्या पटरचं पांढरं इन्सर्ट (तोंडात चिकटवलेली पट्टी) टाचेकडून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूनं उचललंय. बॉल मारला की ‘थप्प’ वाजतंय. उद्यमनगरात कुणी वर्कशॉपवाला बसवून देईल काय?

— उद्यमनगर कशाला भावा, घरातच होतंय की. हेअर ड्रायरनं गरम कर, गोंद मऊ पडला की प्लास्टिकच्या पट्टीनं उचल. हीट गन नको, इन्सर्टचं युरेथेन (प्लास्टिकसारखं असतंय) वाकडं होतंय. इन्सर्ट बसतंय ती खाच ॲसिटोननं पूस, इन्सर्टला मात्र लावू नको. अराल्डाइट पातळच लाव, थर जाड झाला की इन्सर्ट वर येतंय. क्लॅम्प लावून 24 तास हात लावायचा नाही.

— मिलिंगवाल्याकडनं (मशीनवर धातू कापून देणाऱ्याकडनं) ॲल्युमिनियमचं इन्सर्ट केलं तर?

— कर की! आवाज कडक, वजनही वाढणार. मला नाही पटत.

— बसवल्यावर तोंडावर स्टीलपट्टी आडवी धरून उजेडात बघा, इन्सर्ट सपाट बसलंय का ते कळतंय.