कॉम्प्रेसर दुसऱ्याच गाडीचा बसवलाय का? मदत हवी आहे

मंडळी, जळगाव-भुसावळ रोजची ये-जा, त्यात मे महिना, आणि गाडीचा एसी नुसता गरम वारा फेकतोय. मेकॅनिकने सेकंडहँड कॉम्प्रेसर टाकला, "सेमच आहे भाऊ" म्हणे. पण जुन्या पुलीला ६ खाचा होत्या, हिला ५; बेल्टची एक कड बाहेर लोंबतेय. शिवाय मागे दोन पिनांचं एक सॉकेट रिकामंच, गाडीच्या वायरिंगमध्ये त्याचा जोडच नाही. कॉम्प्रेसरचा क्लच (पुलीचं फिरणं कॉम्प्रेसरला जोडणारा) टक् करून बसतो. एसीचा गॅस आर-१३४ए, वजन करून भरलाय. तरी गेजवर लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) ७०, हाय (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्याचा) जेमतेम १३० पीएसआय, म्हणजे गॅस नीट दाबलाच जात नाहीये. हा कॉम्प्रेसर व्हेरिएबल प्रकारचा (गॅस किती दाबायचा ते व्हॉल्व्हने कमी-जास्त करणारा) असावा, ते रिकामं सॉकेट त्या व्हॉल्व्हचंच, आणि त्याला करंट नाही म्हणून दाब चढत नाही, असा माझा संशय. मेकॅनिक म्हणतो, अजून गॅस टाकू! कुणी असं पाहिलंय का? काय तपासू?