मदत हवी आहे: दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक मूल्ये मोजताना अल्फा ०.५८ येतोय

पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीचा एमडीएस प्रबंध. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली, उत्तरं १ ते ५. पायलट (छोटी पूर्वचाचणी) ४० जणांवर, प्रथम वर्ष ते इंटर्न. 'परोपकार' गटाची सरासरी ४.७, म्हणजे सगळेच संत. 'प्रतिष्ठा' गटात ४ विधानं, क्रोनबाख अल्फा (गटातली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप) फक्त ०.५८. गाइड म्हणतात, एक विधान गाळा. गाळू का?

प्रतिसाद १
घाईने गाळू नका. आधी उलट अर्थाची विधानं रीकोड झालीत का बघा (६ वजा उत्तर). निम्म्या वेळा घोळ इथेच असतो. ते ठीक असेल तर गणित मांडा. ४ विधानांना ०.५८ म्हणजे विधानांमधला सरासरी सहसंबंध साधारण ०.२६. ०.१५ ते ०.५० चालतो. अल्फा कमी आहे तो विधानं मोजकी म्हणून. तशीच आणखी ४ घातलीत तर स्पीअरमन-ब्राउनच्या सूत्राने (विधानं वाढवली-घटवली तर अल्फा किती होईल ते सांगणारं) ०.७३ होईल. सगळी सारखीच असतील तर एक गाळून उलट ०.५१ वर याल. शिवाय ४० जणांवरचा अल्फा बराच डळमळीत.

प्रतिसाद २
४.७ चं दुखणं वेगळं. फॉर्म कोणी वाटले? इंटर्नल मार्क देणाऱ्या शिक्षकांनी वाटले तर पाचच येणार. रोल नंबर काढा, बंद पेटी ठेवा. आणि 'रुग्णाचं हित महत्त्वाचं' याला नाही कोण म्हणेल? किंमत मोजायला लावा: 'रूट कॅनाल परवडत नसलेल्या रुग्णासाठी मी स्वतःची फी कमी करेन.'

धागाकर्ता
बॅक-ट्रान्सलेशन (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत भाषांतर) मात्र मूळाशी चोख जुळलं होतं.

प्रतिसाद २
जुळणारच. 'अल्ट्रुइझम'चं 'परोपकार' आणि परत 'अल्ट्रुइझम', कागदावर बिनचूक. पण परोपकार म्हटलं की डोळ्यांसमोर दानधर्म येतो, फुकट शिबिरं येतात. रुग्णाचं हित स्वतःच्या सोयीआधी ठेवणं येत नाही. ६-८ विद्यार्थ्यांना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि 'याचा अर्थ काय लावलास?' विचारा. 'चुकीचे नाही असे वाटत नाही' छापाची वाक्यं तिथेच पकडली जातील.

प्रतिसाद ३
पहिल्या वर्षाच्या मुलांनी खुर्चीवरचा रुग्ण अजून हाताळलेलाच नसतो. त्यांची आणि इंटर्नची सरासरी थेट ताडू नका. विधानांचा अर्थ दोन्हीकडे सारखा लागतो का, ते आधी तपासा. फॅक्टर अ‍ॅनालिसिसला (कोणती विधानं एका गटात बसतात ते पाहण्याची पद्धत) दर विधानामागे ५ ते १० जण धरतात, म्हणून २५ विधानांना २५० हाताशी ठेवा. पुनर्चाचणी, म्हणजे त्याच मुलांकडून तीच प्रश्नावली पुन्हा, दोन आठवड्यांनी. एकाच विद्यार्थ्याच्या दोन फॉर्मची जोडी लावायला नाव नको: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस पुरतो. विधानं बदलण्याआधी मूळ लेखकांची परवानगी घ्या, आणि बदललेला फॉर्म एथिक्स कमिटीकडे पुन्हा पाठवावा लागेल.