मदत हवी आहे : गाडीच्या दाराचं आतलं हँडल निघत नाहीये (तातडीचं)

खटारा६६ :
नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोकं फिरायची वेळ आलीये. काच खालीवर करायचं हँडल काही केल्या निघत नाही, स्क्रू कुठेच दिसत नाही, स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलो तर दाराच्या आतल्या पॅनलला ओरखडा पडला. शनिवारी अपहोल्स्ट्रीवाला येतोय, त्याआधी चारही पॅनल निघालेली हवीत. शिवाय क्रोमवर बारीक फोड आलेत ते कशाने जातात? प्लीज लवकर सांगा.

मोरे_पुणे३० :
अहो पण गाडी कुठली? आमच्या वडिलांची मॉरिस मायनर होती, तिला हँडलमागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसायची, ती ठोकून काढायची. तेच करून बघा.

खटारा६६ :
शेवरोले. मी एडिसनला असतो, न्यू जर्सी. पिन नाहीये, चकती दाबून बघितली.

मस्टँगवेडा :
पिन कशाला असेल, ॲलन स्क्रू, म्हणजे सहाकोनी खाचेचा, असणार. माझ्या ६५ च्या मस्टँगला तोच आहे. ॲलन की लावा, दोन मिनिटांचं काम.

डेट्रॉइटकर :
वेडा, तुमची फोर्ड, त्यांची जीएम, म्हणजे शेवरोलेवाली जनरल मोटर्स. आणि मस्टँगलासुद्धा सरसकट ॲलन स्क्रू नाही, अगदी पहिल्या, ज्यांना लोक साडेचौसष्टच्या म्हणतात, त्यांना क्लिपच होती. खटारा, मॉडेल आणि साल सांगा आणि तोवर कृपा करून उचकटू नका.

खटारा६६ :
सॉरी, लिहायचं राहिलं. इम्पाला १९६६, चार दारांची.

डेट्रॉइटकर :
मग क्लिपच. हँडलच्या मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते, समोरून दिसतच नाही. तिचं हत्यार स्वस्तात मिळतं, पण जुन्या बनियनची पट्टीही चालते. पॅनल हाताने आत दाबा, हँडल आणि प्लास्टिकच्या चकतीमधल्या फटीत पट्टी घाला आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी आलटून पालटून ओढा. क्लिपची टोकं कापडात अडकतात आणि ती सुटते. सुटते म्हणजे उडतेच, तेव्हा चष्मा घाला आणि खाली चादर अंथरा, माझी एक क्लिप आजतागायत सापडलेली नाही. आधी काच पूर्ण वर घेऊन हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढून ठेवा. दार उघडायच्या हँडललाही तशीच क्लिप आहे.

आशा_प्लेटिंग :
फोडांबद्दल. ही हँडलं जस्ताच्या डायकास्टची, म्हणजे साच्यात ओतलेली, असतात, वर तांबं, त्यावर निकेल, मग क्रोम. फोड म्हणजे आतलं जस्त गंजून वर आलंय, ते घासून जात नाही. नुसता मळ असेल तर चार शून्यवाली, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. ॲसिड, व्हिनेगर अजिबात नको. काही लावलंय का आधी?

खटारा६६ :
मागच्या दाराचं एक हँडल आधीचं सैल होतं, हातात आलं होतं. ते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं. सकाळी वाटीत तळाला करडा गाळ आणि फोडांच्या जागी खड्डे.

आशा_प्लेटिंग :
मग ते गेलं. व्हिनेगर जस्त खातं. हँडलच्या आतले दाते शाबूत आहेत का बघा, तेही झिजले असतील तर हँडल ज्या दांड्यावर बसतं त्यावर नुसतं फिरत राहील.

मस्टँगवेडा :
सगळीच नवी रिप्रो, म्हणजे जुन्याबरहुकूम बनवलेली, घ्या ना. जुन्यांवर परत प्लेटिंग करायच्या खर्चात चारही दारांची येतील.

डेट्रॉइटकर :
रिप्रो हातात घेऊन बघितलीये, वजनच लागत नाही. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शीला जुन्या गाड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे ओरिजिनल शोधा.

मस्टँगवेडा :
त्यांना शनिवारी हवंय आणि तुम्ही ऑक्टोबर सांगताय!

मोरे_पुणे३० :
ही गाडी भारतात आणणार का? २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी वीस हजार.

खटारा६६ :
मोरेकाका, नाही हो, इथेच चालवायचीये. डेट्रॉइटकर, बनियनची पट्टी चालली! तिसऱ्या ओढीला क्लिप उडून चादरीवर पडली, चार दारांची सगळी निघाली. खड्डेवाल्याचे दाते झिजलेत, त्या एकाच दाराला रिप्रो मागवलंय, बाकीची ओरिजिनलच ठेवतोय. आता परत बसवताना क्लिप आधी दांड्यावर की हँडलमध्ये?

डेट्रॉइटकर :
हँडलमध्ये. मग फोटोतल्या दिशेला धरून तळहाताने एकच दणका, टक् वाजलं की बसलं. आणि पॅनल उघडंच आहे तर काचेच्या यंत्रणेला पांढरं लिथियम ग्रीस लावून घ्या.