मदत हवी आहे: थंडीत सूर न सोडणारा मॉड्युलर सिंथ बनवायचाय, पार्ट कोणते घ्यावे?

नमस्कार मंडळी,

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. गावात अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीचा (पूर्व विदर्भातल्या आमच्या लोकरंगभूमीचा) हंगाम लागला की एका नाटक मंडळीसोबत ऑर्गनवर बसतो. यंदा स्वतःच्या हातानं मॉड्युलर सिंथ (वेगवेगळे भाग तारांनी जोडून आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बनवायला घेतला आहे. माप युरोरॅकचं (अशा सिंथचं एक प्रचलित माप), सप्लाय प्लस-मायनस १२ व्होल्ट, सूर एक सप्तक चढवायला एक व्होल्ट. एक व्हीसीओ (व्होल्टेजनुसार सूर काढणारा ऑसिलेटर), एक फिल्टर, एक व्हीसीए (व्होल्टेजनं आवाज लहान-मोठा करणारा), एक एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा), सुरुवातीला एवढंच. वादळ, भुताचा प्रवेश, खलनायकाची एन्ट्री यांसाठी तर तो लागेलच, पण मला तो गाण्यातही पेटीच्या जोडीला वाजवायचा आहे. अडचण तिथंच आहे.

डॉट बोर्डवर नमुन्याचा व्हीसीओ लावून पाहिला. दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टरांची जोडी, दुकानातले कार्बनचे रेझिस्टन्स, टायमिंगला साधा डिस्क कंडेन्सर. संध्याकाळी घरात २५ अंश असताना पेटीच्या काळी चारशी नीट जुळवला. पहाटे अंगणात १३ अंश होते. खालचा सा जरासा हलला होता, तेवढं चालवून घेता येईल. पण दोन सप्तकं वरचा सा पार कोमल रे ला जाऊन भिडला होता! सूर सगळीकडे सारखा चढला असता तर एक नॉब फिरवून काम भागलं असतं. इथं खालून वर जाताना अंतरच वाढत जातं.

आमची नाटकं रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतात, तीही उघड्या मंडपात. पौषात धानाच्या बांध्यांवरून वारा आला की पहिल्या अंकात आणि शेवटच्या अंकात १०-१२ अंशांचा फरक सहज पडतो. समोरचा प्रेक्षक पिढ्यान् पिढ्या गाणी ऐकत आलेला आहे, बेसूर त्याला लगेच कळतो. नटाला सूर देणारं वाद्यच असं सरकलं तर नटानं काय करावं जी?

म्हणून खरेदीआधी विचारतो. या सरकण्याला टायमिंगचा कंडेन्सर जबाबदार, रेझिस्टन्स की ट्रान्झिस्टर? पैसे नेमके कुठे घालावे? ऑपअँपला (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीला) टीएल०७२ घ्या असं सगळे म्हणतात, पण माझ्याकडे ४५५८ आणि एलएम३५८ डबाभर पडले आहेत, ते कुठे चालतील का? शिवाय आमच्याकडे मोटारी सुरू झाल्या की २३० चे १८० व्होल्ट होतात. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ घेऊ की १५-०-१५? सामानासाठी नागपूरला बर्डीवर जाणं होतं, बाकी कुरिअरनं मागवावं लागेल.

प्रतिसाद १

भाऊ, निदान तुमच्याच पोस्टमध्ये आहे. खालचा सा जवळपास जागेवर आणि वरचा चढलेला, म्हणजे मुख्य दोष एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या (व्होल्टेजवरून सुराचा करंट ठरवणाऱ्या भागाच्या) ट्रान्झिस्टरचा. करंट दुप्पट व्हायला, म्हणजे एक सप्तक वर जायला, बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात. हे १८ मिलिव्होल्ट केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतात, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. २५ वरून १३ वर आलात की सप्तक चार टक्क्यांनी ताणलं जातं. दोन सप्तकांचे २४०० सेंट (सप्तकाला १२००), त्यांचे चार टक्के म्हणजे ९६-१०० सेंट. अर्धा स्वर! तुमचा कोमल रे तो हाच. जोडी लावल्यामुळे खालचा सूर सावरला आहे. हा ताण मात्र जोडीनं जात नाही.

उपाय दोन. सोपा उपाय एएस३३४० ही आयसी. कर्टिस कंपनीच्या जुन्या सीईएम३३४० ची ही आवृत्ती लाटव्हियाची आल्फा कंपनी बनवते. तापमानाची भरपाई आयसीच्या आतच होते. फक्त उणे बाजूला १२ व्होल्ट थेट देऊ नका, डेटाशीटमध्ये सांगितलेला सिरीज रेझिस्टन्स घालाच, नाहीतर आयसी जाईल.

दुसरा उपाय सध्याच्याच सर्किटमध्ये अंशाला ३३०० पीपीएम (दशलक्षात ३३०० भाग) वाढणारा टेम्पको रेझिस्टन्स घालण्याचा. तो सहज मिळत नाही. त्याऐवजी पीटी-१००० हा प्लॅटिनमचा तापमान सेन्सर घ्या. तो शून्य अंशाच्या किमतीवर ३८५० पीपीएमनं वाढतो, २५ अंशांना हेच सुमारे ३५०० होतात, त्याच्या सिरीजला ५६ ओहमचा मेटल फिल्म लावला की बेरीज ३३५० च्या आसपास येते. वरच्या बाजूला ५६ किलोओहम आणि १० किलोओहमचा मल्टीटर्न प्रीसेट. सेन्सर दोन्ही ट्रान्झिस्टरांना चिकटलेला हवा, नुसता शेजारी ठेवून उपयोग नाही. बीसी५४७ ची सपाट तोंडं समोरासमोर आणून चिकटवा, वर सेन्सर ठेवून सगळ्याला एकत्र श्रिंक ट्यूब चढवा.

ट्रान्झिस्टर एकाच लॉटचे घ्या, मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर दोन मिलिव्होल्टच्या आत जुळणारे. हात लावल्यावर दोन-चार मिनिटं थांबूनच रीडिंग घ्या, कारण एक अंश फरक पडला की दोन मिलिव्होल्ट जातात.

मग कंडेन्सर. साधा डिस्क काढाच. त्याची किंमत तापमानानं आणि व्होल्टेजनंही बदलते, खालचा सा हलला त्यात त्याचा हात असणार. टायमिंगला तापमानानं जवळपास न बदलणारा सी०जी सिरॅमिक किंवा पॉलिस्टायरीन. सूर ठरवणारे रेझिस्टन्स एक टक्क्याचे मेटल फिल्म. एलईडी, गेट, सप्लाय इथे कार्बन बिनधास्त वापरा.

प्रतिसाद २

ऑपअँपबद्दल थोडं माझ्याकडून. व्हीसीओच्या कंडेन्सरवर बफर आणि सॅम्पल-होल्ड (व्होल्टेज धरून ठेवणारं सर्किट), इथे टीएल०७२ च. ४५५८ चा इनपुट करंट तो कंडेन्सर हळूहळू रिकामा किंवा भरलेला करत राहतो. मिक्सर, ऑडिओ आउटपुट इथे तुमचा ४५५८ छान चालेल. एलएम३५८ आवाजाच्या वाटेत नको, शून्याजवळ तो वेव्ह मोडतो आणि ते ऐकू येतं. एलएफओला (संथ ऑसिलेटरला) किंवा एलईडी दाखवायला ठेवा.

बाजारात ४५५८ वर टीएल०७२ छापून विकलेले मिळतात, पिना सारख्याच असल्यामुळे पटकन कळत नाही. घरी असं तपासा: आउटपुट थेट उणे इनपुटला जोडा, अधिक इनपुटपासून ग्राउंडला १० मेगाओहम लावा, प्लस-मायनस १२ द्या आणि आउटपुट मोजा. खरा टीएल०७२ काही मिलिव्होल्टच दाखवेल. पाव व्होल्ट, अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर तो टीएल०७२ नाही. बोर्ड कोरडा आणि फ्लक्स पुसलेला असू द्या.

प्रतिसाद ३

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ च. लाइन १८० वर आली की १२-०-१२ ची एक बाजू ९.४ व्होल्ट देते, डायोडनंतर शिखर साडेबारा. ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला इनपुटवर कमीत कमी १४-साडेचौदा लागतात, म्हणजे सप्लाय बसला. १५ चा असेल तर त्याच वेळी १५.९ मिळतात. पण अर्धा अँपिअर ओढणार असाल तर २२०० मायक्रोफॅरडवर दोन व्होल्टच्या वर रिपल (व्होल्टेजचा चढ-उतार) येतो आणि त्याचा तळ १४ च्या खाली जातो. दर बाजूला ४७०० टाका, १०५ अंशांचे. लाइन भरलेली असताना रेग्युलेटरवर चार वॉट उष्णता होते. हीट सिंक मोठा ठेवा आणि व्हीसीओपासून लांब. ७८१२ आणि उणे बाजूचा ७९१२ यांच्या पिना वेगळ्या क्रमानं असतात, जोडण्याआधी डेटाशीट समोर ठेवा.

मूळ लेखक

दादा, ताई, मनापासून आभार. गणित मांडून दाखवलं म्हणून नेमकं काय होतंय ते समजलं. आता फक्त एक शंका. आमच्या भागात राइस मिल पुष्कळ, आणि ड्रायरच्या कंट्रोलरला पीटी-१०० असतो. पीटी-१००० ची वाट न पाहता तो लावू का?

प्रतिसाद १

लावा भाऊ. सगळं एक दशांश करा. ५६ च्या जागी ५.६ ओहम, वर ५.६ किलोओहम आणि एक किलोओहमचा मल्टीटर्न. ऑपअँपला एवढा भार काहीच नाही. फक्त स्टीलच्या नळीतला प्रोब नको, तो थंड-गरम व्हायला वेळ घेतो आणि ट्रान्झिस्टरला नीट चिकटतही नाही. आतला उघडा चपटा सेन्सर वेगळा मिळतो, तो मागा. जुळवताना आधी खालचा सा लावायचा, मग मल्टीटर्ननं वरचा, परत खालचा. दोन्ही जागेवर येईपर्यंत हेच. आणि हे हंगामाआधी एकदा दुपारी आणि एकदा पहाटे करून बघा.