गमतीच्या गाण्यांचा पहिला क्रमांक: क्रमवारीचा दोष, की तिचे खरे काम?

षड्ज (धागाकर्ता)

ब्रिटनमधील सिंगल्सच्या, म्हणजे सुटी विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या, क्रमवारीचा विषय निघाला की १९८१ सालचा दाखला हमखास दिला जातो. अल्ट्राव्हॉक्स या बँडचे ‘व्हिएन्ना’ चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून राहिले आणि त्यांपैकी तीन आठवडे त्याच्या वर जो डॉल्चे यांचे ‘शडप यू फेस’ हे इटालियन ढंगाच्या इंग्रजीतले विनोदी गाणे होते. २०१३ मध्ये बीबीसी रेडिओ २ आणि ऑफिशियल चार्ट्स कंपनी यांच्या मतदानात श्रोत्यांनी दुसऱ्या क्रमांकावर थांबलेल्या गाण्यांतून ‘व्हिएन्ना’चीच निवड केली आणि त्या तथाकथित अन्यायाची भरपाई केली.

मला यात अन्याय झाला असे वाटत नाही. क्रमवारी तेव्हा मोजत होती ती एका आठवड्यातली विक्री. गाण्याचे आयुष्य किंवा त्याची खोली मोजण्याचा दावा तिने कधी केलेला नाही. ‘व्हिएन्ना’ ज्या अल्बममध्ये आहे तो १९८० च्या जुलैतच बाजारात आला होता, त्यामुळे बँडच्या अनेक चाहत्यांकडे सिंगल निघण्यापूर्वीच ते गाणे पोहोचलेले होते. विनोदी गाण्याचे गिऱ्हाईक मात्र एकाच वेळी दुकानात येते. शिवाय त्या चारांपैकी पहिल्या आठवड्यात ‘व्हिएन्ना’च्या वर जॉन लेनन यांचे ‘वुमन’ होते आणि लेनन यांच्या हत्येला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्या विक्रीमागे शोक होता, याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मग हसू आले म्हणून केलेली खरेदी कमी प्रतीची का मानावी?

रेकॉर्डप्रेमी

आपला मुद्दा १९८१ पुरता मान्य आहे, परंतु २००५ सालच्या ‘क्रेझी फ्रॉग’ला तो लागू होत नाही. एका स्वीडिश तरुणाने तोंडाने काढलेला दुचाकीच्या इंजिनाचा आवाज, त्यावर दुसऱ्याने केलेले बेडकाचे अ‍ॅनिमेशन आणि मग रिंगटोन विकणाऱ्या कंपनीने दूरचित्रवाणीवर केलेला जाहिरातींचा भडिमार, असा त्या बेडकाचा प्रवास आहे. तो भडिमार एवढा होता की ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे प्रेक्षकांच्या तक्रारी गेल्या. त्यानंतर हॅरोल्ड फाल्टरमायर यांच्या १९८० च्या दशकातल्या ‘अ‍ॅक्सेल एफ’ या धूनवर तोच आवाज चिकटवून सिंगल काढण्यात आले आणि ते चार आठवडे पहिले राहिले. कोल्डप्ले या बँडचे नवे सिंगल दुसऱ्या क्रमांकावर आले. येथे विक्री खरी असली तरी मागणी विकत घेतलेली होती, आणि या दोहोंत फरक करू न शकणारी क्रमवारी मला अपुरी वाटते.

ठेका

जाहिरातीचा पैसा तर गंभीर गायकांच्या मागेही उभा असतो, त्यामुळे हा आक्षेप केवळ गमतीच्या गाण्यांवर ठेवता येणार नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती या गाण्यांमधली कारागिरी, जिच्याकडे आपण दोघांनीही दुर्लक्ष केले आहे. १९५८ मध्ये रॉस बॅग्डसेरियन यांनी डेव्हिड सेव्हिल या नावाने ‘द चिपमंक साँग’ हे तीन खारींच्या आवाजातले गाणे काढले. टेप संथ चालवून गायन ध्वनिमुद्रित करायचे आणि नेहमीच्या गतीने वाजवून आवाज उंच स्वरात न्यायचा, ही युक्ती सांगायला सोपी असली, तरी संथ गतीत गाताना शब्दफेक, लय आणि तीन आवाजांचा मेळ सांभाळणे अवघड असते. ते गाणे अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या हॉट १०० या क्रमवारीत चार आठवडे पहिले होते आणि १९५९ च्या पहिल्या ग्रॅमी समारंभात त्याला तीन पुरस्कार मिळाले. त्यांतला एक ध्वनिमुद्रणाच्या अभियांत्रिकीसाठी होता, ही गोष्ट ‘पोरकट गाणे’ म्हणणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

रेकॉर्डप्रेमी

कारागिरी मी नाकारलेली नाही. माझा प्रश्न खरेदीच्या हेतूचा आहे. लॅडबेबी या ब्रिटिश यूट्यूबरनी २०१८ पासून सलग पाच नाताळ विडंबने, बहुतेक सॉसेज रोलवरची, पहिल्या क्रमांकावर नेली. त्यांचे उत्पन्न गरजूंना अन्न पुरवणाऱ्या ट्रसेल ट्रस्टसारख्या कामाला गेले, हे निःसंशय चांगले झाले. मात्र ती खरेदी म्हणजे देणगी होती. देणगीची पावती संगीताच्या यादीत सर्वांत वर का असावी, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दूरचा श्रोता

या चर्चेत ‘अनपेक्षित’ आणि ‘गमतीचे’ यांची सरमिसळ होऊ लागली आहे. १९६३ मध्ये क्यू साकामोतो यांचे पूर्णपणे जपानी गीत अमेरिकेत तीन आठवडे पहिले होते आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एका बेल्जियन ख्रिस्ती जोगिणीचे (ननचे) फ्रेंच गाणे ‘डॉमिनिक’ चार आठवडे त्याच स्थानावर राहिले. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये एका लष्करी पथकाने बॅगपाइपवर वाजवलेले ‘अमेझिंग ग्रेस’ पाच आठवडे अग्रस्थानी होते. यांतले एकही विनोदी नाही, तरी नवलाईच्या गाण्यांच्या संकलनांत ही सर्रास घातली जातात. भाषा परकी किंवा वाद्य अनोळखी असल्याने एखाद्या गंभीर रचनेला गंमत ठरवणे, हा मला साऱ्या बेडकांहून मोठा अन्याय वाटतो.

षड्ज

दूरचा श्रोता यांचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. रेकॉर्डप्रेमी यांना माझे उत्तर असे, की हेतू तपासायला लागलो तर यादी ठरवणारे परीक्षक नेमावे लागतील, आणि परीक्षकांची चव नियमांपेक्षा अधिक पक्षपाती असते. नियम निदान उघड असतात आणि बदलताही येतात. २०१२ मध्ये साय या कोरियन गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ ब्रिटनमध्ये पहिले आले, परंतु अमेरिकेत रेडिओवरील प्रसारणात मागे पडल्यामुळे सात आठवडे दुसरेच राहिले, आणि त्याच वर्षी त्याची चित्रफीत यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिली जाणारी पहिली चित्रफीत ठरली. २०१३ च्या फेब्रुवारीत बिलबोर्डने यूट्यूबवरील दर्शने हॉट १०० मध्ये धरायला सुरुवात केली.

रेकॉर्डप्रेमी

आणि त्या बदलाबरोबरच ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर दाखल होऊन पाच आठवडे तेथेच राहिले. लोकांनी नाचून चढवलेल्या असंख्य चित्रफितींची दर्शनेही त्यात मोजली गेली होती, आणि त्या चित्रफितींमध्ये गाण्याचा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजत असे. परीक्षक नकोत, हे मलाही पटते. परंतु जे पूर्ण ऐकले गेले तेवढेच मोजावे, असा नियम करायला परीक्षकांची गरज पडत नाही.